२०३५ चा बर्फ

बाबांनी वसईतल्या एका फ्लॅटचे चार फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "स्टेशनपासून रिक्षाने १० मिनिटे. रेट वाजवी वाटतो. विचार कर."

मी विचार केला नाही. तीन मिनिटांत एक नकाशा शोधला, त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि उत्तर म्हणून टाकून दिला. नकाशा २०५० सालचा होता. त्यात वसईची खाडी, तिच्या काठची मिठागरं, आसपासचा सखल पट्टा, सगळं लालभडक. खाली मी लिहिलं, "बाबा, हे सगळं पाण्याखाली जाणार आहे. तिथे फंडाचे पैसे घालायचे?"

उत्तर रात्री दहाला, बातम्या संपल्यावर आलं. "तुमचा हिमालयही २०३५ साली वितळणार होता. दहा वर्षं राहिली. घेतला का वितळायला?"

आईने दोघांच्याही मेसेजला अंगठा दिला.

हा वाद आमच्याकडे नवा नाही. मी मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आई-बाबा कराडला असतात. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर कृष्णा-कोयनेच्या पाण्याची मोजदाद केली. गच्चीवर अजून त्यांचा स्वतःचा पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला ते त्यातलं पाणी मोजतात आणि डायरीत आकडा लिहितात. तेव्हा 'ग्लोबल वॉर्मिंग हे सगळं थोतांड' असं फॉरवर्ड करणाऱ्या काका लोकांमध्ये त्यांना बसवता येत नाही. पाऊस बदललाय, हे ते माझ्याआधी सांगतात. त्यांना राग आहे तो तारखांचा. अमुक साली हे बुडणार, तमुक साली ते संपणार. "तारीख दिली की लोक घाबरतात. मग मोजलं कुणी, हे कुणी विचारत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला वाटायचं, हिमालय २०३५ मध्ये वितळणार असं कुठल्याच शहाण्या माणसाने कधी म्हटलेलं नसणार. विरोधकांनीच उठवलेली आवई असेल. तेवढं सिद्ध केलं की वाद खलास. म्हणून शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले.

आमच्या कामात एखादी चूक सापडली की पहिल्यांदा ती ओळ कुणी, कधी, कशाच्या आधारावर लिहिली ते बघतात. त्यासाठी एक आज्ञाच आहे, तिचं नाव 'गिट ब्लेम'. नाव भांडखोर आहे, पण उपयोग दोष देण्यापेक्षा माग काढायला जास्त होतो. २०३५ वर तीच चालवायची होती.

ओळ लगेच सापडली. आणि ती विरोधकांची नव्हती.

आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं आंतरसरकारी मंडळ, त्याचा चौथा अहवाल २००७ मध्ये आला. त्याच वर्षी या मंडळाला अल गोर यांच्याबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. अध्यक्ष होते आपले राजेंद्र पचौरी. अहवालाच्या दुसऱ्या खंडातलं दहावं प्रकरण आशियावर आहे आणि त्यात हिमालयातल्या हिमनद्यांवर एक छोटा विभाग. तिथे सरळ म्हटलंय की या हिमनद्या जगात सगळ्यात वेगाने मागे हटतायत आणि आहे तोच वेग राहिला तर २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, त्या नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी आहे. लगेच पुढचं विधान असं की त्यांचं क्षेत्रफळ सध्याच्या ५ लाख चौरस किलोमीटरवरून २०३५ पर्यंत १ लाखावर येईल.

मी हे दोनदा वाचलं. नाहीशाच होणार असतील तर १ लाख चौरस किलोमीटर उरले कुठून? बरं, त्याच विभागात वर म्हटलंय की हिमालयातल्या हिमनद्यांनी ३० लाख हेक्टर जागा व्यापली आहे. ३० लाख हेक्टर म्हणजे ३० हजार चौरस किलोमीटर. मग हे ५ लाख कुणाचे? तिथल्याच एका तक्त्यात पिंडारी हिमनदी आहे. १८४५ ते १९६६ या काळात ती २,८४० मीटर मागे हटली, म्हणजे वर्षाला १३५.२ मीटर, असं लिहिलंय. फोनवरचा कॅल्क्युलेटर काढून बघा. १८४५ ते १९६६ ही १२१ वर्षं होतात, आणि भागाकार येतो साधारण साडेतेवीस मीटर. १३५.२ येतं ते २१ ने भागल्यावर. मधली शंभर वर्षं कुणीतरी गिळली.

हे माझ्या ज्युनियरने तपासायला पाठवलं असतं तर मी त्याला आधी चहा प्यायला नेलं असतं आणि मग बोलले असते.

पुढचा माग कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाच्या ग्रॅहम कॉगली या हिमनदीतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच काढून ठेवला आहे. जानेवारी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचं पत्र छापून आलं. आयपीसीसीने २०३५ साठी आधार दिला होता तो डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या २००५ सालच्या अहवालाचा. त्या अहवालाने आधार घेतला होता 'न्यू सायंटिस्ट' या साप्ताहिकातल्या जून १९९९ च्या एका बातमीचा. ती बातमी जेएनयूचे हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्याशी झालेल्या बोलण्यावर बेतलेली होती. म्हणजे शोधनिबंध नाही, मोजणी नाही, एक मुलाखत. हसनैन ज्या आंतरराष्ट्रीय गटाचे अध्यक्ष होते त्याचा अहवालही १९९९ चाच, पण त्यात २०३५ हा आकडाच नाही. ते साल आपण कुठल्या शोधनिबंधात दिलेलं नव्हतं, असं हसनैन यांनी नंतर सांगितलं. पत्रकाराचं म्हणणं, मला तसं सांगण्यात आलं होतं. दोघांचं जुळत नाही ते नाहीच.

पण ५ लाख आणि १ लाखाचं ते वाक्य डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अहवालात नाही. ते आहे आपल्या दिल्लीच्या 'डाऊन टू अर्थ'मधल्या एप्रिल १९९९ च्या लेखात, आणि आयपीसीसीची वाक्यं त्याच्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात. त्याच्याही मागे जायचं तर १९९६. व्लादिमीर कोतल्याकोव या रशियन शास्त्रज्ञाने संपादित केलेला युनेस्कोचा एक अहवाल. त्यात म्हटलं होतं की ध्रुवप्रदेश सोडून बाकी सगळ्या पृथ्वीवरच्या हिमनद्या ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येतील. बाकी सगळ्या पृथ्वीवरच्या. आणि साल दिलं होतं २३५०.

२३५०. २०३५. बोट घसरलं की आकड्यांची जागा बदलते. बहुतेक हेच झालं. तीनशे पंधरा वर्षं आणि अर्धं जग त्या एका घसरणीत गेलं आणि अकरा वर्षं कॉपी-पेस्ट होत राहिलं.

तपासणीत हे सुटलं कसं? चौथ्या अहवालाच्या मसुद्यांवर सुमारे ९० हजार शेरे आले होते. जपान सरकारने या विधानाबद्दल विचारलं होतं की याची खात्री नेमकी किती. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे हिमनदीतज्ज्ञ गेऑर्ग कासर यांचं म्हणणं आहे की त्यांनी २००६ मध्येच सावध केलं होतं. हिमनद्यांचे खरे जाणकार पहिल्या खंडावर काम करत होते आणि ही ओळ दुसऱ्या खंडात होती. आमच्याकडेही असंच होतं. ज्याला कळतं तो दुसऱ्या टीममध्ये असतो. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी, राजकारण्यांसाठी जो छोटा सारांश काढतात त्यात २०३५ नव्हतं. नऊशेहून जास्त पानांच्या जाडजूड खंडात आतमध्ये कुठेतरी ते पडून होतं.

पण तारखेला पाय फुटतात. पाचशे पानं वाचणारा कुणी नसला तरी 'हिमालय २०३५ पर्यंत संपणार, गंगा आटणार' हे वाचणारे लाखो. मी तेव्हा शाळेत होते. पर्यावरणाच्या प्रोजेक्टच्या वहीत मी निळ्या स्केचपेनने हिमालय काढला होता आणि त्याच्यावरून थेंब ठिबकताना दाखवले होते. साल लिहिलं होतं का ते आठवत नाही. बहुतेक लिहिलं असणार, कारण साल लिहिलं की बाई खूश व्हायच्या.

आता राजकारण. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक चर्चापत्र काढलं. लेखक विजयकुमार रैना, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक, हिमनद्यांवर आयुष्य घालवलेला माणूस. बाबांसारखाच सरकारी मोजणीवाला म्हणा ना. रैनांनी सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदी मांडल्या. गंगोत्री हिमनदीचं तोंड १९३५ साली याच सर्वेक्षणातल्या जॉन ऑडन या भूवैज्ञानिकाने नकाशावर घेतलं होतं (डब्ल्यू. एच. ऑडन या कवीचा हा भाऊ), तेव्हापासूनच्या. रैनांचं सार असं की हिमनद्या मागे हटतायत, पण काही वेगळं, अघटित घडतंय असं या नोंदींवरून म्हणता येत नाही. २००७ ते २००९ मध्ये गंगोत्रीचं तोंड तर जवळपास जागेवरच होतं.

हे पत्र प्रसिद्ध केलं मंत्री जयराम रमेश यांनी. वेळ बघा. महिन्याभरात डिसेंबरला कोपनहेगनची जागतिक परिषद होती आणि भारतासारख्या देशांनीही कार्बन कमी करायचं बंधन घ्यावं म्हणून श्रीमंत देश मागे लागले होते. त्याच नोव्हेंबरात इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे ईमेल चोरून कुणीतरी जगापुढे टाकले होते. अशा वातावरणात 'हिमालयाला एवढं काही झालेलं नाही' हे सरकारला सोयीचं होतं, आणि 'हिमालय चालला' हे दुसऱ्या बाजूला. पचौरींनी रैनांच्या कामाला जादूटोण्याचं विज्ञान म्हटलं. ज्या बाजूच्या अहवालात २१ ने भागलेली पिंडारी बसली होती, त्या बाजूने.

दोन महिन्यांत फासे उलटे पडले. पत्रकार पल्लव बागला यांनी बीबीसीवर २३५० आणि २०३५ ची गोष्ट लिहिली, जानेवारीत ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि २० जानेवारी २०१० ला आयपीसीसीने खेद व्यक्त करून ते विधान नीट तपासलं गेलं नव्हतं हे मान्य केलं. एका ब्रिटिश दैनिकाने तर त्या प्रकरणाच्या एका प्रमुख लेखकाच्या तोंडी असं घातलं की धोरणकर्त्यांवर दबाव यावा म्हणूनच ते वाक्य ठेवलं होतं. त्यांनी ते नाकारलं. खरं काहीही असो, बाबांसारख्या वाचकाच्या मनात जे शिरायचं ते शिरलं: हे लोक आपल्याला मुद्दाम भिववतात.

दुपारी मी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, २०३५ चं तुमचं बरोबर होतं."

पलीकडे शांतता. मग, "काय झालं गं? बरी आहेस ना?"

मी त्यांना पिंडारीचा भागाकार सांगितला. ते एवढे हसले की आई येऊन विचारायला लागली. "शंभर वर्षं खाल्ली! आमच्या साहेबांनी पगार कापला असता." आणि मग, जिंकलेल्या माणसाच्या आवाजात, "म्हणजे हिमालय ठीक आहे तर."

इथे मला थांबता आलं असतं. एवीतेवी मी हरलेच होते. पण रैनांच्या चर्चापत्रात एक गोष्ट मला खटकत होती आणि ती सांगायला बाबांइतका योग्य माणूस नव्हता. रैना आणि त्यांच्या आधीचे सगळे बहुतेक वेळा हिमनदीचं तोंड मोजत होते. जिथे बर्फ संपतो आणि पाणी सुरू होतं ती जागा, गोमुख म्हणतो ती. ते किती मीटर मागे गेलं.

मी विचारलं, "कोयनेचं पाणी कमी झालं का, हे तुम्ही काठ किती सरकला यावरून ठरवता का?"

"छे. काठाचं काय घेऊन बसलीस? कडा उभा असेल तर दहा फूट पाणी उतरलं तरी काठ हातभर सरकत नाही. पातळी बघायची, त्यावरून साठा. किती टीएमसी राहिलं ते."

"मग हिमनदीचं?"

ते गप्प झाले. बाबा गप्प होतात तेव्हा त्यांच्या डोक्यात आकडेमोड चालू असते.

हिमालयातल्या कितीतरी हिमनद्यांच्या खालच्या टोकावर दगडमातीचा जाड थर असतो. गंगोत्रीवरही आहे. तो थर खालच्या बर्फाला उन्हापासून वाचवतो, त्यामुळे तोंड वर्षानुवर्षं जागेवर राहू शकतं आणि मधल्या मध्ये हिमनदी बारीक होत जाते. तोंड स्थिर म्हणजे हिमनदी स्थिर, असं होत नाही. साठा मोजायचा तर बर्फात बांबू रोवावे लागतात. खरंच बांबूच. वाफेने भोक पाडून काठी आत खोल सोडायची आणि पुढच्या वर्षी जाऊन ती किती उघडी पडली ते बघायचं. वरच्या भागात खड्डा खणून किती नवा बर्फ साठला ते मोजायचं. दोन्हींची वजाबाकी. हिमाचलातल्या लाहौलमध्ये छोटा शिगरी नावाची हिमनदी आहे, तिथे जेएनयूचे लोक फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर २००२ पासून हे दरवर्षी करत आले आहेत. २०३५ वरून दिल्ली आणि जिनिव्हात धुरळा उडत होता त्या वर्षीही कुणीतरी तिथे जाऊन काठ्या वाचत होतं.

"हां, हे बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पट्टी रोवल्याशिवाय नदी बोलत नाही. पण एकाच हिमनदीवरून सगळा हिमालय कसा सांगणार?"

हा प्रश्न योग्य होता आणि त्याचं उत्तर भलतीकडून आलं. शीतयुद्धात अमेरिकेने हेक्सॅगॉन नावाचे हेरगिरी उपग्रह सोडले होते. रशिया आणि चीन काय बांधतायत या धास्तीने ते सत्तरच्या दशकात आशियाचे फोटो काढत फिरले आणि त्या फोटोंत हिमालयही आला. गुप्तता उठल्यावर कोलंबिया विद्यापीठाच्या जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या फोटोंवरून हिमनद्यांची उंची काढली आणि आताच्या उपग्रहांच्या मोजणीशी ताडून पाहिली. ६५० हिमनद्या, सुमारे २,००० किलोमीटरचा पट्टा, १९७५ ते २०१६. निष्कर्ष २०१९ मध्ये आला. २००० नंतर बर्फ जाण्याचा वेग त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट झाला आहे. आधी वर्षाला सरासरी पाव मीटरच्या आत, आता अर्ध्या मीटरच्या जवळपास. सगळ्या पट्ट्यात साधारण सारखंच, म्हणून कारणही सगळीकडे सारखंच असणार, तापमानवाढ.

बाबांनी तिथल्या तिथे हिशेब केला. बर्फाची जाडी शंभर मीटर धरली आणि वर्षाला अर्धा मीटर गेला तर दोनशे वर्षं. "म्हणजे २०३५ ला काही होत नाही."

"पण वेग दुप्पट झालाय ना, बाबा. तो तिथेच थांबेल कशावरून?"

"तेही आहे."

काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने त्याच वर्षी, २०१९ मध्ये, हिंदुकुश-हिमालयाचा मोठा आढावा काढला. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीस इथल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग जाईल, आणि काहीच केलं नाही तर दोन तृतीयांश. शतकाच्या अखेरीस म्हणजे २१००. त्यात कसलाही धक्का नाही, पोस्टर होणार नाही. शाळेतल्या बाईंनी या सालावर शाबासकी दिली नसती. आणि गंगा आटणार हेही तसं सरळ नाही. गंगेला मुख्य पाणी पावसाचं आहे. बर्फावर जास्त अवलंबून आहे ती सिंधू, आणि तिच्यावर पाकिस्तानची शेती. भीती नेमकी कुणी बाळगायची, हेही त्या २०३५ च्या गोंगाटात चुकलं होतं.

मला जास्त झोंबली ती पुढची गोष्ट. रैना-पचौरी वादाच्याच वर्षी, २००९ मध्ये, डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत हिमनदीशास्त्राचं एक केंद्र सुरू झालं होतं. आपल्या बर्फाबद्दल दुसऱ्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं, यातून बाहेर पडायची भाषा तेव्हा सगळेच करत होते. २०२० मध्ये हे केंद्र बंद करण्यात आलं. कुणी निदर्शनं केली नाहीत, टीव्हीवर वाद झाला नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत रोंती शिखराचा प्रचंड कडा, सुमारे २.७ कोटी घनमीटर दगड आणि बर्फ, खाली कोसळला. ऋषिगंगा आणि धौलीगंगेत लोंढा आला, तपोवनच्या वीजप्रकल्पाच्या बोगद्यात माणसं अडकली, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तेव्हा दोन दिवस सगळे हिमनदीतज्ज्ञ झाले. निम्मे म्हणाले, बघा, हिमालय वितळला. चिपकोसाठी प्रसिद्ध असलेल्या रैणी गावातल्या काहींना शंका आली ती १९६५ ची. चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला नंदादेवीवर नेलेलं आणि तिथेच हरवलेलं प्लुटोनियमवर चालणारं यंत्र फुटलं असेल का? ते यंत्र खरंच हरवलेलं आहे, त्यामुळे गावकऱ्यांना हसण्यासारखं त्यात काही नाही. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यात मुख्यतः खडक होता, बर्फ साधारण एक पंचमांश.

हे सगळं बाबांना सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आणि तुझा तो वसईचा नकाशा? तो कुणी मोजला?"

मी म्हटलं, बघते. खरं तर बघायचं नव्हतं.

नकाशा क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेचा. त्यामागचा शोधनिबंध स्कॉट कुल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांचा, ऑक्टोबर २०१९ मधला, नीट तपासून छापलेला. त्यांचा मुद्दा साधा आहे. जगभर किनाऱ्यांची उंची २००० साली अंतराळयानातल्या रडारने मोजली ती वापरतात. पण रडारला घरांची छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. म्हणून शहरं आहेत त्यापेक्षा उंच वाटतात. ही चूक त्यांनी संगणकाला शिकवून दुरुस्त केली. जुन्या मोजणीने २०५० पर्यंत वर्षातून एकदा तरी पुराच्या पातळीखाली येणाऱ्या जमिनीवर आज सुमारे ८ कोटी लोक राहतात असं दिसत होतं. नव्याने ते ३० कोटी निघाले. म्हणजे इथे चूक उलट्या बाजूची होती, धोका कमी दाखवणारी.

पण लाल रंगाचा अर्थ काय, तर सरासरी वर्षातून एकदा येणाऱ्या भरतीच्या पुराच्या पातळीपेक्षा ही जमीन खाली असेल. बांध, भिंती, रस्त्यांचे भराव त्यात धरलेले नाहीत, आणि हे त्या संस्थेने नकाशाबरोबर लिहिलेलंही आहे. वर्षातून एकदा भरतीचं पाणी शिरणं आणि 'पाण्याखाली जाणं' यात खूप फरक आहे. मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी २०२१ मध्ये नरिमन पॉइंट आणि मंत्रालयाचा ८० टक्के भाग २०५० पर्यंत पाण्याखाली जाईल असं म्हटलं तेव्हा मी तेही फॉरवर्ड केलं होतं, त्याच उत्साहात. नकाशा खोटा नव्हता. 'हे सगळं पाण्याखाली जाणार आहे' हे वाक्य त्या नकाशात कुठेही नव्हतं. ते मी टाइप केलं होतं.

गिट ब्लेम माझ्या ओळीपाशी येऊन थांबली. आणि ती ओळ कशासाठी लिहिली हेही मला माहीत होतं. मला समुद्राची भीती वाटत नव्हती. मला वीस वर्षांच्या ईएमआयची भीती वाटत होती. कंपनीत दर सहा महिन्यांनी कुणाचं तरी टेबल रिकामं होतं. बाबांचा फंड एका भिंतीत अडकणार आणि उरलेले हप्ते माझ्या पगारातून जाणार, आणि हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मग पृथ्वीचं तापमान पुढे केलं.

हे मी त्यांना सांगितलं. फोनवर नाही, पुढच्या रविवारी, ते मुंबईला आले तेव्हा. ते म्हणाले, "मग असं म्हण ना. हप्त्याचं बोलू आपण. समुद्राला कशाला मध्ये आणलंस?"

तरी आलोच आहोत तर बघून येऊ म्हणाले, म्हणून वसईला गेलो. एजंट सोसायटीचा जिम दाखवायला उतावीळ होता. बाबा आत गेलेच नाहीत. गेटवरच्या वॉचमनला त्यांनी विचारलं, "२०१८ च्या जुलैत होता का तुम्ही इथे?" तो नव्हता, पण समोरचा किराणावाला होता. त्या पावसात लोकल बंद पडल्या होत्या, नालासोपाऱ्याला रूळ पाण्यात होते, एवढं मलाही आठवत होतं. किराणावाल्याने दुकानाच्या शटरशेजारी भिंतीवर बोट ठेवलं. रंगाखाली एक अंधूक तपकिरी रेघ होती.

"हे समुद्राचं की पावसाचं?" बाबांनी विचारलं.

"पावसाचंच. पण भरती होती ना, काका. जायला जागाच नव्हती. पूर्वी समोर मोकळं होतं, तिकडे पसरायचं. आता तिकडे भराव टाकून टॉवर आलाय."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. साल नको, काही नको." मग शबनममधून त्यांनी आपला जुना टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि जमिनीला टेकवून धरायला सांगितलं. रेघ दोन फूट चार इंचांवर होती. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. मग रस्ता ओलांडून सोसायटीच्या गेटपाशी गेलो आणि रस्त्यापासून जोत्याची उंची मोजली. एक फूट दहा इंच.

एजंट इतका वेळ लांबून बघत होता. बाबांनी टेप गुंडाळला आणि त्याला विचारलं, "आम्हाला फोटो पाठवलात तो तळमजल्याचा होता. दुसऱ्या मजल्यावर काय रेट आहे?"